मित्रकीटकांची तजवीज

तंजावरच्या भोसल्यांमुळे ज्याचे नाव मराठी माणसास परके वाटत नाही, त्या कावेरीच्या त्रिभुज प्रदेशात, कुंभकोणमजवळच्या आडुतुरै येथे १९२२ सालापासून भाताचे संशोधन चालू आहे. आणि तेथील शेतकरी ज्या खोडकिड्याशी झुंजतो, तोच कोकणातल्या शेतकऱ्यासही गाभेमर आणि पळिंज या रूपांनी रडवितो. या किड्याच्या अंड्यांतच आपली अंडी घालणारी, डोळ्यांस जेमतेम दिसणारी ट्रायकोग्रामा ही माशी निसर्गाने नेमलेली पहारेकरीण होय: तिची पिले अंडे आतून पोखरतात आणि अळी जन्मासच येत नाही. तमिळनाडू कृषी विद्यापीठ तिची शिफारस करते, आणि जिच्यावर तिची पिले वाढत असलेली अंडी चिकटवलेली असतात, त्या पट्टीचे ‘ट्रायकोकार्ड’ हे नाव आपल्याकडेही शेतकऱ्याच्या तोंडी रुळले आहे.

परकी कीड आली, तर तिचा शत्रूही तिच्या मायदेशाकडून आणावा लागतो. २००८ साली कोइमतूरकडे पपईवर उद्भवलेल्या पिठ्या ढेकणाच्या मेणचट आवरणापुढे फवारे हतबल झाले. तेव्हा २०१० साली बंगळूरच्या राष्ट्रीय संस्थेने प्वेर्तो रिकोहून तीन जातींचे परोपजीवी कीटक आणवून, विलगीकरणात पारखून सोडले, आणि ती साथ ओसरली. ही पारख अपरिहार्य आहे. उसावरील भुंगेऱ्यांसाठी १९३५ साली ऑस्ट्रेलियात आणलेला बेडूक भुंगेऱ्यांना सोडून इतर जीवसृष्टीवरच उलटला.

परंतु मित्रकीटक बांध ओळखत नाही आणि विषही ओळखत नाही. एकाने ट्रायकोकार्ड लावावे आणि शेजाऱ्याने फवारणी करावी, तर माशी मरते, कोळी मरतात, आणि त्यांच्या अभावी तपकिरी तुडतुडा अधिकच माजतो. म्हणून हे काम एकट्यादुकट्याच्या मर्जीवर सोडता कामा नये. कावेरीच्या खोऱ्यात कालवे आणि तळी गावाने एकजुटीने राखण्याच्या रिवाजास ‘कुडिमरामत्तु’ म्हणतात, आणि त्या शब्दातली ‘मरामत’ आपल्याच दप्तरातली आहे. २०२० साली तमिळनाडूने कावेरीचा त्रिभुज प्रदेश संरक्षित कृषिक्षेत्र ठरविला. आता तालुक्यातालुक्यात ही कार्डे वेळेवर मिळण्याची तजवीज व्हावी, आणि ती लावण्याचा दिवस साऱ्या गावाने मिळून ठरवावा, तरच त्या संरक्षणास अर्थ येईल. महाराष्ट्र सरकारनेही भाताच्या प्रत्येक तालुक्यात हाच पायंडा पाडावा. कारण कालव्याचे पाणी जसे एकट्याचे नसते, तसा शेतातला मित्रही एकट्याचा नसतो.