मालकही आपण, देणेकरीही आपण

आपल्या जिल्ह्याच्या उत्तर भागात एकेकाळी वीज देणारी संस्था ग्राहकांच्याच मालकीची होती, हे तरुण वाचकांना क्वचितच ठाऊक असेल. १९६९ मध्ये ग्रामीण विद्युतीकरण निगम स्थापन झाले. त्याच्या साहाय्याने देशात प्रथम ज्या पाच सहकारी वीज संस्था उभ्या राहिल्या, त्यांत श्रीरामपूरची मुळा-प्रवरा ही एक. राज्य वीज मंडळाकडून घाऊक वीज घ्यावी आणि श्रीरामपूर-राहुरी परिसरातील सभासदांना किरकोळीने विकावी, असा हा सरळ व्यापार. उसाच्या या मुलखात विहिरींवर पंप फिरू लागले.

पुढे घाऊक दरावरून वाद झाला, देणे तुंबले. खरेदी युनिटवर, शेतीपंपांची आकारणी मात्र बहुधा मीटरऐवजी अश्वशक्तीवर. थकबाकी दोन हजार कोटींहून अधिक असल्याचे महावितरणचे म्हणणे होते. अखेर १ फेब्रुवारी २०११ पासून वितरण महावितरणकडे गेले.

दराचा वाद बाजूला ठेवला, तरी बँकेत कर्जखाती पाहिलेल्या मला एक प्रश्न पडतो : जिथे देणेकरीच मालक, तिथे वसुलीस कठोर कोणी व्हावे? मोजून घेतलेला माल अंदाजाने विकणारी पेढी टिकत नाही. सहकारही या नियमाला अपवाद नाही.