लिंबावरची अळी आणि बांधावरचे फुलपाखरू

लिंबाच्या कोवळ्या पानावर पक्ष्याची विष्ठा पडल्यासारखी दिसणारी अळी आपण पाहिली असेलच. मोठी झाली की ती हिरवी होते आणि डिवचली तर डोक्यामागून लाल शिंगे काढून उग्र वास सोडते. ती दिसली की आपण पंप पाठीवर घेतो. याच अळीचे पुढे फुलपाखरू होते. ज्या ब्लू मॉरमॉनला महाराष्ट्राने २०१५ साली राज्य फुलपाखरू ठरवले, त्याची अळीही लिंबूवर्गीय झाडांवरच वाढते. इकडे मान द्यायचा अन् तिकडे फवारा मारायचा, असा हा प्रकार आहे.

म्हणून अळ्या पाळा, असे मी म्हणणार नाही. रोपवाटिकेत आणि लहान रोपांवर ती सगळी नवती फस्त करते. तिथे सकाळी फेरी मारून हाताने वेचा. बेलाचे झाड जवळ असेल तर त्यावर सोडून द्या, बेलाचा पालाही लिंबावरच्या या अळीला चालतो. पण वाढलेल्या झाडाला दहा-वीस अळ्यांनी काही होत नाही. तिथे फवारणी केली तर औषधाचा पैसा जातोच, शिवाय अळीच्या अंड्यांवर जगणारे ट्रायकोग्रामासारखे मित्रकीटकही मरतात.

परागीभवनात मोठा वाटा मधमाशीचा, हे खरे. फुलपाखराचा वाटा त्या मानाने कमी. पण दोघांना मारणारे औषध एकच. अमेरिकेत फुलपाखरांची नियमित मोजणी होते. तिथे २००० ते २०२० या काळात ती २२ टक्क्यांनी घटल्याचे २०२५ साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात दिसले. कीटकनाशके, हरवलेले अधिवास आणि बदलते हवामान ही त्याची कारणे सांगतात. आपल्याकडे बांध नांगरून नांगरून हातभर राहिला, आणि उरलेल्यावर तणनाशक! बांध चकाचक ठेवा, असे मीही पूर्वी बैठकांतून सांगत असे. आता तसे सांगत नाही.

कारण फुलपाखराला नुसती फुले पुरत नाहीत, अळीला तिचे ठरलेले झाड लागते. कुणाला रुई, कुणाला एरंड, लहान पिवळ्या फुलपाखरांना टाकळा. टाकळा तर पावसाळ्यात आपल्यालाही भाजीला लागतो. एका बाजूचा बांध तरी तसाच राहू द्या. फवारायचेच झाले तर ऊन उतरल्यावर फवारा आणि पीक फुलोऱ्यात असताना शक्यतो टाळा.

सरपंच आणि ग्रामपंचायत अधिकाऱ्यांना एक विनंती. गावरस्त्याच्या कडेला तणनाशक मारण्याऐवजी दिवाळीनंतर कापणी करा. तोवर तिथल्या फुलांचे बी पडून गेलेले असते.