पाटी त्यांची, गल्ला आपला

गेल्या दोन दिवाळी अंकांत या सदरातून आपण मृत्युपत्र आणि मेडिकेअर हे विषय घेतले होते. यंदाचा विषय तुमच्याच फोनांनी ठरवला. वर्षभरात मंडळातल्या पाच-सहा जणांनी एकच प्रश्न विचारला : "नोकरी गेली. एखादी फ्रँचाइझी घेऊ का?"

विचारणारे सगळे पन्नाशीच्या अलीकडे-पलीकडे. एक मूल कॉलेजात, घराचे हप्ते अजून बाकी. आवाज जरा खालचा, कारण बातमी बायकोखेरीज कुणाला सांगितलेली नसते. झाकली मूठ सव्वा लाखाची, हे आपण सातासमुद्रापारही सोबत आणलं आहे. मलाच विचारतात याचं कारण उघड आहे. टेलिकॉम कंपनीतली माझी एकवीस वर्षांची नोकरी अशीच एका मंगळवारी संपली आणि पुढच्या वर्षी मी व सौ.ने एका साखळीचं पार्सल-कुरियरचं दुकान घेतलं. ते आजही चालू आहे. सांगलीत आई शेजाऱ्यांना सांगते, "मुलगा अमेरिकेत पोस्टात आहे." मी ते दुरुस्त करायच्या भानगडीत पडलेलो नाही.

'घेऊ का' याचं उत्तर मी फोनवर देत नाही, पण काय तपासायचं ते सांगतो. तेच इथे लिहितो.

पहिली गोष्ट कागदाची, म्हणजे इमिग्रेशनच्या कागदाची. ग्रीन कार्ड किंवा नागरिकत्व असेल तर पुढे वाचा. एच-वन-बीवर असाल तर नोकरी गेल्यावर जास्तीत जास्त ६० दिवसांची मुदत मिळते, आणि स्वतःच्या दुकानाच्या गल्ल्यावर बसणं हेही कामच धरलं जातं. गुंतवणुकीवर मिळणारा ई-टू व्हिसा भारतीय नागरिकांना मिळत नाही, कारण भारताचा अमेरिकेशी तसा करार नाही. तेव्हा दुकानाच्या आधी वकील.

दुसरी गोष्ट : आपण नेमकं काय विकत घेतो? पाटी, पद्धत आणि प्रशिक्षण. तेही ठरावीक वर्षांसाठी, बहुधा दहा. दुकानाचं भाडं, नोकरमाणसं, कर्ज आणि तोटा हे सगळं आपलं. चर्चासत्रांत कर्नल सँडर्स आणि रे क्रॉक यांच्या गोष्टी हमखास ऐकवतात. सँडर्स साठी ओलांडल्यावर केंटकी चिकनच्या मागे लागले, मिल्कशेकची यंत्रं विकणाऱ्या क्रॉकनी १९५५ मध्ये वयाच्या बावन्नाव्या वर्षी मॅक्डोनल्ड्सचं आपलं पहिलं दुकान उघडलं. गोष्टी खऱ्या आहेत. पण हे दोघे फ्रँचाइझी *विकून* मोठे झाले. आपण टेबलाच्या दुसऱ्या बाजूला बसणार आहोत, एवढं लक्षात ठेवून टाळ्या वाजवाव्यात.

नोकरी गेली की 'फ्रँचाइझी सल्लागार' नावाचे गोड बोलणारे लोकही भेटतात. त्यांचा सल्ला फुकट असतो, कारण त्यांचं कमिशन फ्रँचाइझी विकणारी कंपनी देते. घरं विकणाऱ्या एजंटाकडे जसं बघाल तसंच त्यांच्याकडे बघा.

तिसरी गोष्ट सगळ्यात महत्त्वाची. अमेरिकेत फेडरल ट्रेड कमिशनचा नियम आहे की सही करण्यापूर्वी किंवा पैसे देण्यापूर्वी किमान १४ दिवस कंपनीने तुमच्या हातात माहितीपत्रक ठेवलं पाहिजे. त्याला एफडीडी म्हणतात. त्यात २३ कलमं असतात आणि ते शे-दोनशे पानी सहज असतं. सरकारने सक्ती केली आहे म्हणजे सरकारने आतला मजकूर तपासला आहे, असं मात्र नाही. तपासायचं आपणच. (भारतात फ्रँचाइझीसाठी असा वेगळा कायदाच नाही. पुण्यात चहाचं अमृततुल्य किंवा वडापावचं दुकान घ्यायला निघालेल्या भाच्या-पुतण्यांना हे जरूर सांगा.)

वकिलाला तर दाखवाच, पण ही कलमं स्वतः वाचा. तिसऱ्या कलमात कोर्टकचेऱ्या असतात. कंपनी आणि दुकानदार एकमेकांवर किती वेळा खटले भरतात ते तिथे कळतं. पाचवं, सहावं आणि सातवं म्हणजे पैसे : प्रवेश फी, पुढची देणी आणि दुकान उभं करायचा एकूण अंदाज. त्यातला खेळत्या भांडवलाचा आकडा बहुधा पहिल्या तीन महिन्यांचाच असतो. तुमच्या घरखर्चाचा त्यात विचार नसतो. बाराव्यात तुमचा इलाखा असतो. कंपनी चौकापलीकडे दुसरं दुकान देऊ शकते का, ते इथे कळतं. सतराव्यात करार संपल्यावर काय, हे लिहिलेलं असतं.

एकोणिसावं कलम कमाईचं. ते भरण्याची कंपनीवर सक्ती नाही. पण ते कोरं असेल आणि विक्रेता कॉफी पिताना "आमची दुकानं सहज इतके कमावतात" म्हणत असेल, तर त्याला ते लिहून मागा. असे आकडे द्यायचे तर एकोणिसाव्या कलमात द्यावेत, असाच नियम आहे.

आणि विसावं. त्यात तीन वर्षांत किती दुकानं उघडली, किती बंद झाली, किती हातांतून गेली याचे तक्ते असतात. चालू दुकानदारांचे आणि वर्षभरात सोडून गेलेल्यांचे संपर्कही असतात. आपण मराठी माणसं अनोळखी माणसाला फोन करायला लाजतो. इथे लाजू नका. मी अठ्ठावीस फोन केले होते. सोडून गेलेल्यांपैकी सातजण बोलले, आणि सगळ्यात कामाचं त्यांच्याकडूनच कळलं. एकच प्रश्न पुरतो : "पुन्हा संधी मिळाली तर हेच घ्याल का?" उत्तराआधी माणूस किती वेळ गप्प राहतो, तेही ऐका.

आता थोडं गणित. समजा वर्षाची विक्री ४ लाख डॉलर. रॉयल्टी सहा टक्के आणि जाहिरात निधी दोन टक्के, म्हणजे ३२ हजार गेले. माल आणि कुरियरचा खर्च २ लाख, भाडं ४८ हजार, दोन माणसांचे पगार ६० हजार, विमा-वीज-कार्डाचं कमिशन वगैरे २४ हजार. उरले ३६ हजार. त्यातून दीड लाखाच्या कर्जाचे हप्ते वर्षाला २४ हजार. हातात १२ हजार, तेही नवरा-बायको दोघं राबून. आता विक्री दहा टक्क्यांनी घसरली असं धरा. हातात येतात उणे ४,८००. त्याही वर्षी कंपनीला २८,८०० जातातच, कारण रॉयल्टी विक्रीवर असते, नफ्यावर नाही. पाटीवाल्याचं आणि गल्लेवाल्याचं हित नेहमी एक नसतं, ते असं. मी मुद्दाम तंगीतल्या दुकानाचे आकडे घेतले आहेत. तुमच्या दुकानाचे आकडे वेगळे असतील, पण वजाबाकीचा क्रम हाच.

चौथी गोष्ट : पैसे कुठून आणायचे? बँकेचं एसबीए कर्ज मिळतं, पण २० टक्के किंवा जास्त मालकी असणाऱ्या प्रत्येकाला वैयक्तिक हमी द्यावी लागते. दोघांच्या नावावर दुकान असेल तर दोघांनीही. जागेचा मालकही बहुधा तशीच हमी मागतो, आणि दुकान बंद झालं तरी भाडेकरार चालूच राहतो. निवृत्तीच्या ४०१(के) मधून पैसे काढायचे तर साडेएकोणसाठच्या आधी करावर आणखी दहा टक्के दंड. मात्र ज्या वर्षी पंचावन्न पूर्ण होतात त्या वर्षी किंवा नंतर नोकरी सुटली, तर त्या कंपनीच्या खात्यातून काढताना हा दंड लागत नाही. 'रॉब्स' नावाची एक वाटही दाखवतात : नवी सी-कॉर्पोरेशन काढायची, तिची निवृत्ती योजना उघडायची, जुने पैसे तिकडे वळवून त्यातून आपल्याच कंपनीचे शेअर घ्यायचे. कर नाही, दंड नाही, कर्ज नाही. हे कायदेशीर आहे, पण नियम काटेकोर आहेत आणि आयआरएसची त्यावर नजर असते. मुख्य म्हणजे दुकान बुडालं तर म्हातारपण त्याच्याबरोबर बुडतं. सगळी अंडी एका टोपलीत नव्हेत, सगळी कोंबडीच टोपलीत.

आरोग्य विम्याचा खर्चही वहीत आधी मांडा. कोब्राखाली जुना विमा साधारण १८ महिने ठेवता येतो, पण कंपनी भरत असलेला हप्ताही आता आपण भरायचा, वर दोन टक्के.

हे सगळं वाचून वाटेल की मी घाबरवतो आहे. तसं नाही. या दुकानाने आमच्या मुलीचं कॉलेज निभावलं. राखी पाठवायला, फराळाचा डबा मुलाच्या होस्टेलवर धाडायला येणारी माणसं मला नावाने ओळखतात. एकवीस वर्षांच्या नोकरीत मला माझा उपयोग इतका रोज दिसला नव्हता. पण सुट्टीच्या दिवशी माणूस आला नाही की दुकान मीच उघडतो आणि डिसेंबरमध्ये भारतात जाणं विसरायचं. बाबांच्या शेवटच्या आजारात मी आठच दिवस जाऊ शकलो. कुठल्याच कलमात हे लिहिलेलं नसतं.

पुढच्या वर्षी आमचा करार संपतो. नूतनीकरण करायचं तर त्या वेळी जो करार चालू असेल तो घ्यावा लागेल, जुना नाही. आणि दुकानाचं रूप नव्याने करायचं ते आमच्या खर्चाने. विकायचं तर गिऱ्हाईक कंपनीला पसंत पडलं पाहिजे. आम्ही दोघं हिशेब मांडून बसलो आहोत. सौ.चा कल विकण्याकडे आहे आणि तिची बेरीज सहसा चुकत नाही.

म्हणून ज्यांनी यंदा फोन केले त्यांना, आणि ज्यांनी संकोचाने केले नाहीत त्यांनाही एवढंच सांगतो. नोकरी गेल्याच्या पहिल्या तीन महिन्यांत कशावरही सही करू नका. त्या दिवसांत माणूस धंदा शोधत नसतो, व्हिजिटिंग कार्डावर घालायला काहीतरी शोधत असतो. लक्ष्मीपूजनाला नवी वही उघडाल तेव्हा पहिल्या पानावर शुभ-लाभ लिहा, आणि दुसऱ्या पानावर किती रक्कम गेली तरी घर उभं राहील तो आकडा, दोघांच्या सहीने. दुकान त्या आकड्यात बसलं तर मला फोन करा. विसाव्या कलमातले फोन आपण मिळून करू.

शुभ दीपावली.