ट्रक यायच्या आधी वाडीवर बसूया

कर्जत, खालापूर, सुधागड, पेण, रोहा या तालुक्यांतल्या कातकरी वाड्यांवरच्या माझ्या माणसांना हे आवाहन आहे. ज्याला वाचता येतं त्याने चार घरं गोळा करून मोठ्याने वाचून दाखवावं.

मतदारयादीत माझं नाव पहिल्यांदा आलं, त्या निवडणुकीला मी आईबाबांबरोबर वीटभट्टीवर होते. शेठ म्हणाला, जायचं तर जा, पण भाडं तुमचं आणि बुडालेल्या दिवसांची खर्ची मिळणार नाही. अंगावर उचल होती. आम्ही विटाच पाडत बसलो. पुढच्या निवडणुकीला एका पक्षाची गाडी थेट भट्टीवर आली, केंद्रावर सोडलं आणि रात्री परत आणलं. ज्याच्या गाडीतून आलो त्यालाच मत द्यायचं, हे कुणी बोललं नाही, पण सगळ्यांना कळलं होतं.

कातकऱ्याचं मत एका रात्रीत बाटलीवर फिरतं, असं गावात बोलतात. आदल्या रात्री दारू येते, नोटा येतात, हे मी नाकारत नाही. पण आपलं मत त्या रात्री जात नाही. ते भादव्यातच जातं. घरात दाणा नसतो, पोर तापलेलं असतं, मुकादम जोडप्यामागे उचल मोजून देतो आणि त्या दिवसापासून कुठे राहायचं, कधी परतायचं, हे दुसरा ठरवतो. २०२४ साली लोकसभेचं मतदान पेण, रोहा, सुधागडात ७ मेला आणि कर्जत-खालापुरात १३ मेला झालं आणि विधानसभेचं २० नोव्हेंबरला, म्हणजे दिवाळी होऊन पंधरवडा उलटल्यावर. मेमध्ये भट्टीचा हिशेब बाकी, नोव्हेंबरात भट्टीवर नेणारे ट्रक निघायला लागलेले.

ही झाली उचलीची गाठ. दुसरी गाठ जागेची. आपल्या कितीतरी वाड्या दुसऱ्याच्या सातबाऱ्यावर उभ्या आहेत. आजा-पणजाने त्या मालकाची शेतं राखली, तिथेच झोपड्या बांधल्या. आता मुंबईचा पैसा कर्जत-खालापुरात उतरलाय, गुंठ्याला भाव आलाय, आणि मालकाच्या माणसाने नुसतं इतकं म्हटलं की पुरतं, "यंदा वाडीने नीट मतदान करा." घरकुल मंजूर झालं तरी पायाखालची जमीन आपली नसेल तर घोडं तिथेच अडतं. पीएम-जनमन योजना नोव्हेंबर २०२३ मध्ये आपल्यासारख्या आदिम जमातींसाठीच सुरू झाली. महाराष्ट्रात आपण कातकरी, कोलाम आणि माडिया गोंड अशा तीनच जमाती त्यात आहोत. त्यातलं घर कुणा पुढाऱ्याने खिशातून दिलेलं नाही, म्हणून त्याच्या बदल्यात कुणाला मत द्यायचं काही कारण नाही.

"मशीनमध्ये कळतं," असं म्हाताऱ्यांना सांगून घाबरवतात. यात खरं किती ते नीट समजून घ्या. बटण दाबल्यावर काचेमागे सात सेकंद चिठ्ठी दिसते, ती आपल्यालाच, आणि ती बंद पेटीत पडते. कुणी कुणाला मत दिलं हे शेठला कळत नाही. मात्र केंद्रावर कुणाला किती मतं पडली हे नंतर कळतं, म्हणून भीती अगदीच पोकळ नाही. पण चाळीस-पन्नास घरांच्या वाडीला बहुधा वेगळं केंद्र नसतं. आपली मतं मोठ्या गावाच्या मतांत मिसळून जातात. हे माझ्या आजीला कुणी आधी सांगितलं असतं तर ती जन्मभर मालकाची खूण शोधत बसली नसती.

रायगडच्या सातही विधानसभा जागा सर्वसाधारण आहेत. आपल्यातला कुणी तिथे उभा राहील ही वाट मी आज दाखवत नाही. पण घासून होणाऱ्या लढतीत वाड्या एका मागणीवर बसल्या तर उमेदवाराला ओटीवर येऊन बोलावंच लागेल. माझ्या मते ती मागणी पहिली जागेचीच हवी. वाडीखालची जमीन मोजून नावावर करून देणार का, आणि कधीपर्यंत? पाणी, रस्ता नंतर बोलू. कुणाला मत द्या हे मी सांगणार नाही, कुणी सांगितलं तर ऐकूही नका.

कामधंद्यासाठी काही महिने बाहेर गेलं म्हणून यादीतून नाव काढता येत नाही. गावात राहत नाहीत म्हणून कुणी नाव कापायला निघालं तर तिथेच हरकत घ्या. नव्याने अठरा पूर्ण झालेल्यांनी सहा नंबरचा अर्ज भरावा. ओळखपत्र हरवलं असेल तर रोजगार हमीचं जॉबकार्डही चालतं. लोकसभा-विधानसभेच्या मतदानाला पगारी सुट्टी देणं कायद्याने मालकावर बंधनकारक आहे, रोजंदारीवाल्यालासुद्धा. आणि उचलीपायी माणसाला बांधून ठेवणं १९७६ च्या कायद्याने गुन्हा आहे. हे मुकादमाशी बोलताना चारचौघांत बोला, एकट्याने नको.

यंदा नवरात्रात, कापणी हातात यायच्या आत, प्रत्येक वाडीने एक रात्र बसावं. बायांनी पुढे बसावं, कारण भट्टीवरचा हिशेब आणि चुलीतला जाळ दोन्ही त्यांना ठाऊक असतात. घरटी नावं यादीशी ताडून बघा, कोण कुठल्या भट्टीवर चाललंय ते वहीत लिहा, आणि उचल घेतानाच मुकादमाला सांगा की मतदानाच्या दिवशी सोडायचं आणि गाडीभाडं द्यायचं. वही वाडीवरच राहणाऱ्या एखाद्या म्हातारीच्या हवाली करा. ट्रक दिवाळीनंतर येईल.