नाताळच्या टेबलावर थरथरणारं सॅलड

डिसेंबरचा शेवटचा आठवडा म्हणजे मुलांना सुट्टी, घरात पाहुणे आणि सोसायटीच्या गटात रोजचा एकच प्रश्न, ‘२५ तारखेला कोण काय आणणार?’ केक कुणीतरी आणतंच. पुलावही असतो. आपल्या वाट्याला राहतं ते ‘काहीतरी गोड, पण वेगळं’. तुमचंही असंच होत असेल, तर यंदा फळांचं जेली सॅलड करून बघा. लाल, पांढरा आणि हिरवा असे तीन थर, आत चमकणारी फळं आणि ताट हलवलं की सगळं मिळून हलकेच थरथरतं. मुलं तर त्या थरथरण्यावरच खूश होतात.

पण कृतीआधी माझी एक चूक सांगते. ती तुमच्याकडून होऊ नये म्हणून.

गेल्या नाताळला आमच्या इमारतीच्या गच्चीवर सगळ्यांनी एकेक पदार्थ आणला होता. मी मोठ्या हौसेने हे सॅलड केलं. खालच्या मजल्यावर इंदूरच्या एक मराठी आजी राहतात, पूर्ण शाकाहारी. त्यांनी विचारलं, ‘‘यात काय काय आहे गं?’’ मी म्हटलं, ‘‘फळंच आहेत आजी, बिनधास्त खा.’’ त्यांनी दोन चमचे खाल्ले, छान झालंय म्हणाल्या. रात्री घरी कचरा आवरताना रिकामं पाकीट हातात आलं. त्यावर तपकिरी खूण होती आणि खाली बारीक अक्षरात जिलेटिन लिहिलेलं होतं.

रात्रभर विचार केला, सांगावं की गप्प बसावं. सकाळी जाऊन सांगितलं. आजी रागावल्या नाहीत. थोडा वेळ गप्प बसल्या आणि म्हणाल्या, ‘‘मुद्दाम नाही केलंस, कळतंय मला. पण दुसऱ्याला ‘खा’ म्हणायच्या आधी पाकीट वाचावं.’’ त्यानंतर काही आठवडे त्या माझ्या हातचं काहीच घेत नव्हत्या. मी डबा घेऊन गेले, की ‘पोट भरलंय’ म्हणायच्या. मला त्याचं जास्त वाईट वाटलं.

म्हणून आज आधी ही जेली कशाची असते ते पाहू आणि मग सगळ्यांना चालेल अशी कृती.

जेली, पण सॅलड का?

आपल्याकडे जेली म्हणजे कस्टर्डसोबतचं गोड. अमेरिकेत मात्र ती अनेक घरांत नाताळच्या जेवणात टर्की किंवा हॅमच्या शेजारी, भाजीसारखी वाढली जाते. म्हणून नाव सॅलड. कुणी त्यात क्रॅनबेरी आणि अक्रोड घालतं, कुणी क्रीम चीज आणि अननस. किसलेलं गाजर घातलेली हिरवी जेलीही तिथे आवडीने खाल्ली जाते. युटा राज्यात तर जेलीचं इतकं वेड, की २००१ मध्ये तिथल्या विधिमंडळाने तिला राज्याचा अधिकृत खाऊ ठरवलं.

एकेकाळी जेली हा श्रीमंतांचाच पदार्थ होता. वासराचे पाय तासन्‌तास उकळायचे, गाळायचे, वरची चरबी काढायची, तेव्हा कुठे ती जमायची. १८४५ मध्ये न्यू यॉर्कच्या पीटर कूपर यांनी जिलेटिनच्या पावडरीचं पेटंट घेतलं. पुढे १८९७ मध्ये न्यू यॉर्क राज्यातल्या लरॉय गावच्या पर्ल वेट यांनी त्यात साखर आणि फळांचे स्वाद मिसळले. त्यांची पत्नी मे हिने त्या पाकिटाला ‘जेल-ओ’ हे नाव दिलं. वेट यांना काही ते विकणं जमलं नाही, म्हणून दोन वर्षांनी त्यांनी सगळे हक्क अवघ्या ४५० डॉलरला विकून टाकले! नंतर घरोघरी फ्रीज आले आणि जेली सॅलड हा सणाचा नेहमीचा पदार्थ झाला.

पाकिटावर काय बघायचं?

जिलेटिन हे प्राण्यांची कातडी आणि हाडं यांपासून काढलेलं प्रथिन आहे. ते डुकराचं, गाईगुरांचं किंवा माशाचं असू शकतं. त्यामुळे शाकाहारी आणि जैन पाहुण्यांना ते चालत नाही. मुस्लिम शेजारी असतील तर ते हलाल आहे का, हेही बघावं लागतं.

पाकिटावर हिरव्या चौकटीत हिरवा ठिपका असेल तर ते शाकाहारी. तपकिरी चौकटीत तपकिरी त्रिकोण असेल तर मांसाहारी. जुन्या पाकिटांवर त्रिकोणाऐवजी तपकिरी ठिपका असायचा. हिरव्या ठिपक्याची तयार जेलीही बाजारात मिळते, ती बहुतेक समुद्री शेवाळातल्या घटकांनी जमवलेली असते. परदेशातून कुणी पाकीट आणलं असेल तर त्यावर ही खूण नसेल, तेव्हा घटकांची यादी वाचा.

आपला जुना मित्र, चायना ग्रास

या सगळ्यावर सोपा उपाय म्हणजे चायना ग्रास, म्हणजेच अगर-अगर. हे समुद्री शेवाळापासून बनतं. दुधातलं थंडगार चायना ग्रास अनेकांच्या लहानपणी उन्हाळ्यात घरी व्हायचंच. मोठ्या किराणा दुकानात ते पट्ट्या किंवा पावडरीच्या रूपात मिळतं.

एक गंमत सांगते. १८८१ च्या सुमारास जर्मनीत रॉबर्ट कॉख यांच्या प्रयोगशाळेत जंतू जिलेटिनवर वाढवत. उन्हाळ्यात ते जिलेटिन वितळायचं आणि काही जंतू तर तेच खाऊन टाकायचे. तिथे काम करणाऱ्या वॉल्टर हेसे यांची पत्नी फॅनी अमेरिकेत वाढलेली होती. जेली करताना ती अगर वापरायची, कारण जावा बेटावर राहून आलेल्या ओळखीच्या कुटुंबाकडून तिला ते कळलं होतं. तिने अगर वापरून बघा म्हणून सुचवलं. आजही जगभरच्या प्रयोगशाळांत जंतू अगरवरच वाढवतात.

तिचं कारण आपल्यालाही लागू आहे. जिलेटिन साधारण ३५ अंशांना पूर्ण वितळतं आणि त्याच्या आधीच मऊ पडायला लागतं. अगर एकदा जमलं, की ८५ अंशांच्या आसपास गेल्याशिवाय वितळत नाही. चेन्नई, मुंबई किंवा कोचीच्या डिसेंबरमध्ये टेबलावर तासभर राहिलं तरी आकार तसाच राहतो.

तीन थरांचं नाताळ सॅलड (१० ते १२ जणांसाठी)

लाल थर : चायना ग्रास पावडर दीड छोटा चमचा, पाणी पाऊण कप, डाळिंबाचा गाळलेला रस पाऊण कप, साखर २ मोठे चमचे, डाळिंबाचे दाणे अर्धा कप, स्ट्रॉबेरीच्या चकत्या ५-६.

पांढरा थर : चायना ग्रास पावडर १ छोटा चमचा, दूध पाऊण कप, साखर ३ मोठे चमचे, गोड दह्याचा चक्का अर्धा कप, चिमूटभर वेलची पूड.

हिरवा थर : चायना ग्रास पावडर दीड छोटा चमचा, पाणी दीड कप, खस सरबताचा अर्क ३ मोठे चमचे, लिंबाचा रस १ मोठा चमचा, अननसाचे बारीक तुकडे अर्धा कप, उभी चिरलेली हिरवी द्राक्षं अर्धा कप.

पावडरऐवजी पट्ट्या असतील तर साधारण १० ग्रॅम पट्ट्या १ लिटर द्रवाला पुरतात. त्या तुकडे करून अर्धा तास भिजवा आणि पूर्ण विरघळेपर्यंत उकळा.

कृती

१. साचा नाही म्हणून अडून बसू नका. दीड लिटरचा स्टीलचा डबा किंवा कुकरचं भांडंही चालतं. आतून पाण्याने ओलं करून घ्या. उलटं केल्यावर तळ वर येणार आहे, म्हणून सगळ्यात सुंदर थर आधी घालायचा.

२. लाल थरासाठी गार पाण्यात पावडर मिसळा, मग गॅसवर ठेवा. ढवळत २-३ मिनिटं खळखळून उकळू द्या. साखर घाला आणि गॅस बंद करा. आता डाळिंबाचा रस मिसळा. रस फ्रीजमधला गार नको, कोमट करून घ्या. गार रस पडला की अगर जागच्या जागी गुठळ्या धरतं. रस अगरसोबत उकळूही नका, आंबटपणात उकळल्याने त्याची पकड सैल होते.

३. तळाशी स्ट्रॉबेरीच्या चकत्या आणि दाणे मांडून त्यावर हे मिश्रण हळूच ओता. फ्रीजची गरज नाही, १५-२० मिनिटांत बाहेरच जमायला लागतं.

४. तोवर पांढऱ्या थराची तयारी. चक्का गुठळ्या न राहता फेटून ठेवा, तो फ्रीजमधला गार नको. गार दुधात पावडर मिसळून २-३ मिनिटं उकळा, साखर घाला. गॅस बंद करून दोन-तीन मिनिटं थांबा. या गरम दुधाचे दोन चमचे आधी चक्क्यात मिसळा, मग चक्का दुधात घाला. वेलची घाला.

५. लाल थराला बोट लावून बघा. बोट बुडायला नको, पण पृष्ठभाग किंचित चिकट लागायला हवा. हीच ओतायची वेळ. थर पूर्ण कडक झाला तर वरचा त्याला धरत नाही आणि कापताना दोन्ही सुटे होतात. उशीर झालाच तर काट्याने वरून हलक्या रेघा ओढा.

६. हिरव्या थरासाठी अर्ध्या पाण्यात पावडर उकळा, उरलेलं पाणी कोमट करून घाला, मग खस आणि लिंबू. फळं मिसळून पांढऱ्या थरावर चमच्याच्या पाठीवरून ओता, म्हणजे खड्डा पडत नाही.

७. गार झाल्यावर दोन-तीन तास फ्रीजमध्ये ठेवा. वाढताना कडेने सुरी फिरवा आणि ताटात उलटा.

अननसाचा घोटाळा

जिलेटिन वापरून पहिल्यांदा केलं तेव्हा मी ताजा अननस घातला होता. रात्रभर फ्रीजमध्ये ठेवूनही सकाळी भांड्यात सरबतच! कारण साधं आहे. ताज्या अननसात ब्रोमेलेन नावाचं विकर असतं आणि ते प्रथिनं तोडतं. जिलेटिन प्रथिनच, मग जमणार कसं? किवी, पपई आणि ताजं अंजीर हेही असंच करतात. डब्यातला अननस तापवलेला असतो, म्हणून तो चालतो. ताजा वापरायचा तर तुकडे पाच मिनिटं उकळून गार करा. अगर प्रथिन नाही, त्यामुळे वरच्या कृतीत ताजा अननस निर्धास्त घाला.

तुमच्याकडे सगळ्यांना जिलेटिन चालत असेल तर प्रमाण लक्षात ठेवा. २ कप द्रवाला साधारण ७ ग्रॅम जिलेटिन. आधी थोड्या गार पाण्यात पाच-दहा मिनिटं फुलवायचं, मग गरम द्रवात विरघळवायचं, उकळायचं नाही. पुढचा थर पूर्ण गार करूनच ओता, नाहीतर खालचा वितळेल. चव आणि मऊपणा जिलेटिनचा जास्त, ते तोंडात विरघळतं. अगरची जेली थोडी कुरकुरीत तुटते.

एवढं सांभाळा

* लहान मुलांसाठी द्राक्षं नेहमी उभी चिरा. अख्खं द्राक्ष घशात अडकू शकतं. जेलीही छोटे तुकडे करून, मुलांना बसवूनच द्या.
* घरात कुणाला मधुमेह असेल तर त्यांच्या वाटीत साखर आणि खस वगळा. पण फळांची आणि रसाची साखर उरतेच, त्यामुळे वाटी लहान ठेवा.
* अगरच्या जेलीला दुसऱ्या दिवसापासून पाणी सुटतं. शक्यतो करतो त्याच दिवशी संपवा. फ्रीझरमध्ये ठेवू नका.
* द्राक्षं अजून आंबट असतील तर पेरूचे बिया काढलेले तुकडे वापरा. नागपुरी संत्र्याच्या सोललेल्या फोडी लाल थरात छान दिसतात.
* सोसायटीत नेणार असाल तर भांड्याजवळ एक चिठ्ठी ठेवा : ‘चायना ग्रास, दूध, फळं. जिलेटिन नाही.’ विचारायला संकोचणाऱ्यांची सोय होते.

आणि आजी? चायना ग्रास उकळताना दूध कधी घालायचं, चिकट थराची वेळ कशी ओळखायची, हे सगळं मला त्यांनीच शिकवलं. मार्चमध्ये एकदा त्या स्वतःच वर आल्या आणि म्हणाल्या, ‘‘चल, तुला बिनपाकिटाची जेली दाखवते.’’ गेल्या रविवारी आम्ही यंदाच्या सॅलडची रंगीत तालीम केली. चायना ग्रासचं पाकीट मी आधी त्यांच्या हातात दिलं. त्यांनी चष्मा लावून हिरवा ठिपका बघितला, मागची यादी वाचली आणि मगच चमचा उचलला. लाल थर जरा कमी गोड झालाय, असं त्यांचं मत पडलं. म्हणून वर डाळिंबाच्या थरात साखर २ चमचे लिहिली आहे. आधी मी एकच घालत होते.