गळके पिंप आणि आपली जमीन



अंबडच्या औद्योगिक वसाहतीखाली गेलेली जमीन शेतकऱ्याची होती. ती परत मागण्यासाठी हे लिहीत नाही. उरलेल्या जमिनीचे आणि पाण्याचे काय, एवढाच सवाल आहे.

कारखान्यांच्या मागच्या अंगाला ऑइलची पिंपे उघड्यावर उभी दिसतात. एकेका पिंपात दोनशे लिटरच्या आसपास माल. उभ्या पिंपाच्या डोक्यावर पावसाचे पाणी साचते. दिवसा पिंप तापते, तेव्हा आतली हवा बुचातून बाहेर पडते. रात्री गार झाले की साचलेले पाणी आत ओढले जाते. पाणी ऑइलपेक्षा जड. ते तळाला बसते आणि पत्रा आतून गंजतो. बाहेरून ओली माती गंजवते. मग गळती लागते. याला अपघात म्हणायचे की हयगय?

सांडलेले ऑइल पाणी मारून गटारात लोटले की कारखान्याची फरशी स्वच्छ होते. पण गटार नाल्याला मिळते, नाला नासर्डीला, नासर्डी गोदावरीला आणि गोदावरी नांदूर मधमेश्वरला. तिथल्या कालव्यांवर आपलीच शेते भिजतात.

ऑइल मातीच्या कणांवर बसले की पाणी मुरत नाही, मुळांना हवा मिळत नाही. ते कुजवणारे जिवाणू जमिनीतला नत्र स्वतःच खातात. पीक पिवळे पडते. शेतकरी युरियाची गोणी आणतो आणि दोष नशिबाला देतो.

२०१० साली क्लोरमेक्वाट क्लोराइडच्या अंशापायी युरोपने आपली द्राक्षे नाकारली. आपल्या मालाची तपासणी कणाकणाने होते. मग कारखान्याच्या पिंपाची का नको?

उपाय महाग नाहीत. पिंपे छपराखाली, लाकडी फळ्यांवर ठेवावीत. खाली सिमेंटचा कोबा आणि भोवती कठडा असावा. सर्वांत मोठे पिंप फुटले तरी सगळे ऑइल आतच राहील एवढा. तोटीखाली ट्रे, हाताशी वाळू आणि लाकडाचा भुसा, आठवड्याला एक फेरी. सांडलेले टिपून घ्यावे, धुऊन काढू नये. १९७४ च्या जल कायद्याने नदी-विहिरीत घाण सोडायला बंदी आहे. २०१६ च्या घातक कचरा नियमांप्रमाणे जळके ऑइल साधारणपणे ९० दिवसांवर साठवता येत नाही आणि ते परवानाधारकालाच द्यावे लागते. भंगारवाल्याला नव्हे.

आता आपले घर. ट्रॅक्टरचे ऑइल बदलून बांधावर ओतणारे आपणच. इंजिनाच्या डिझेलचे पिंप विहिरीच्या काठाला ठेवणारेही आपणच. आधी ते हलवा. मग कारखानदाराला जाब विचारताना आवाज अडखळणार नाही.

जिल्हा बैठकीला येताना प्रत्येक गावाने आपल्या नाल्यावर तवंग कुठे, कधी दिसला याची तारीखवार नोंद आणावी. ती घेऊन आपण प्रदूषण नियंत्रण मंडळाच्या दारात जाऊ. आपल्याला मेहेरबानी नको आहे. कायद्यात लिहिले आहे तेवढेच हवे आहे.