सुनावणी उघडी, मसलत मात्र बंद!

विजेचे दर ठरविण्यापूर्वीं लोकांचें म्हणणें ऐकून घेतलें जातें, मग तुमची ओरड कशाची, असें विचारणाऱ्या शहाण्यांस आम्ही उलट विचारतों : ऐकून घेतल्यावर आयोगाचे सभासद आपसांत काय बोलले, हें तुम्हांस तरी ठाऊक आहे काय?

२००३ च्या वीज कायद्याच्या कलम ६४ प्रमाणें दराचा अर्ज प्रसिद्ध करावा लागतो, लोकांच्या हरकती विचारांत घ्याव्या लागतात. कलम ८६ राज्य आयोगास कारभार पारदर्शक ठेवण्यास बजावतें. भाषा गोड आहे! पण कलम ९२ पाहा : बैठकी कशा चालवाव्या हें आयोगानेंच ठरवावयाचें, त्या लोकांसमोर व्हाव्या असा शब्द त्यांत नाहीं. आयोगांत अध्यक्ष धरून फार तर तीन सभासद. दोघांनीं चहा पितां पितां माना डोलावल्या तरी बहुमत! आणि त्यावर रयतेच्या पंपाचा दर.

अमेरिकेंत १९७६ सालीं याचा कायदाच झाला. तेथें टेलिफोन-रेडिओवर देखरेख करणारा पांच सभासदांचा आयोग आहे. त्यांतील तिघे कामाचा विचार करूं लागले कीं ती सभा. ती आठवडाभर आधीं जाहीर करून लोकांसमोर झाली पाहिजे. दार लावण्याचीं दहा कारणें कायद्यानें मोजून दिलीं आहेत, आणि लावलेंच तर नोंद ठेवावी लागते.

यावर तेथील कांहीं सभासदांची तक्रार आहे कीं, मोकळेपणीं बोलतां येत नाहीं. मदतनिसांकरवीं निरोप धाडावे लागतात, कागद फिरवून मतें घ्यावीं लागतात, उघडी सभा नुसता देखावा होते. तक्रार खोटी नाहीं. नियम सैल करण्याचीं विधेयकेंही तेथें आलीं. पण मागच्या दारानें ये-जा होते म्हणून पुढच्या दाराला भिंत घालावी काय? कंपन्यांचे वकील एकेका सभासदास गांठून, भेटीची चिठ्ठी दप्तरीं टाकून, खुशाल बोलतात. तेव्हां मोकळेपणाची अडचण कोणासही होत नाहीं!

न्यायाधीशही खोलींत बसूनच विचार करतात, असें कोणी म्हणेल. करोत, तंट्यांचे निवाडे वगळा. पण आयोग नियम करतो, दर बांधतो. हें कायदेमंडळाच्या जातीचें काम आहे, आणि कायदेमंडळाची चर्चा रयत सज्जांत बसून ऐकते.

कलम ९२ नें अधिकार दिलाच आहे. त्यासाठीं दिल्लीचे उंबरे झिजवावे लागत नाहींत. महाराष्ट्राच्या वीज आयोगानें सात दिवस आधीं विषयपत्रिका लावावी, दर व नियम यांवरील सभासदांची चर्चा लोकांसमोर करावी, आणि दार लावल्यास त्याचें कारण लेखी द्यावें.